कारागिराचे हँडबिल : चित्र कमी, माप जास्त

निलंग्याच्या बाजारपेठेत हुनराला तोटा नाही. शिंपी आहेत, वेल्डर आहेत, मोटार रिवाइंडिंग करणारे आहेत, गाद्या भरणारे आहेत, फ्रीज दुरुस्त करणारे आहेत, बोर्ड रंगवणारे आहेत. यातील बरेचसे आपल्या बिरादरीतले असून हाताच्या मेहनतीवर रोजी कमावणारे आहेत. घरगुती गिऱ्हाईक शेजाऱ्यापाजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांच्याकडे येते. परंतु दुकानदार, शाळा, दवाखाना, लॉज, खानावळ अशा लहान व्यावसायिकांचे बारमाही काम मिळवायचे म्हटले, की हाच कारागीर मागे पडतो. मालकाला बोलायला वेळ नसतो. तो म्हणतो, ‘कागद ठेवून जा.’ आणि आपला कारागीर जो कागद ठेवून जातो, तो कागद त्याच्या कामाविषयी काहीच सांगत नाही.

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. आमच्या गल्ल्याजवळ असे कागद येतच असतात. त्यावरचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो : ‘आमच्याकडे सर्व प्रकारची कामे उत्तम, स्वस्त व वेळेवर करून मिळतील. एक वेळ अवश्य भेट द्या.’ वर एक गुलाबाचे फूल किंवा हस्तांदोलनाचे चित्र, खाली दोन मोबाइल नंबर. आता वाचकांनीच सांगावे, हे वाचून दुकानदाराला काय कळले? ‘सर्व प्रकारची’ म्हणजे कोणती? ‘स्वस्त’ म्हणजे किती? ‘वेळेवर’ म्हणजे चार दिवस की चार आठवडे? कागद चुरगळतो, कारागीर म्हणतो की हँडबिलाचा काही उपयोग नाही. आमच्या मते दोष हँडबिलाचा नाही, त्यात माप नसते हा दोष आहे.

तागा, तिकीट आणि शिक्का

ही गोष्ट कापडवाल्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. इंग्रजी अमलात मँचेस्टरहून जे कापड हिंदुस्थानात येत असे, त्याच्या ताग्यावर रंगीत चित्राचे तिकीट चिकटवलेले असे. कोणावर देव, कोणावर राजा, कोणावर वाघ, हत्ती किंवा मोर. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनीही तीच रीत उचलली. ज्याला वाचता येत नव्हते तो गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखत असे. चित्राचा हा फायदा खराच.

परंतु चित्र कितीही सुंदर असले तरी तागा किती वार भरतो हे त्यावरून कळत नसे. म्हणून १८८९ च्या व्यापारी चिन्हविषयक कायद्याने अशा ताग्यावर लांबीचा आकडा वारात छापणे बंधनकारक केले. चित्राने गिऱ्हाईक जवळ आला, शिक्क्याने त्याचा विश्वास बसला. आजच्या हँडबिलातही हाच हिशेब आहे. फूल, चमकदार कागद, रंगीत अक्षरे हे सारे तिकीट झाले. नग किती, दिवस किती, दर किती, कापड कोणते, हा शिक्का झाला. आपण तिकिटावर खर्च करतो आणि शिक्का मारायचा विसरतो.

सुयांच्या कारागिराची हजार वर्षांपूर्वीची जाहिरात

छापील जाहिरातीचा सर्वांत जुना म्हणून जो नमुना सांगितला जातो, तो एका सुया बनवणाऱ्याचा आहे हे आपल्या कारागीर बांधवांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. चीनमध्ये सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ च्या दरम्यान, जिनान शहरात लिऊ घराण्याचे सुयांचे दुकान होते. त्यांची जाहिरात छापण्याची तांब्याची पाटी आजही बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मध्यभागी पांढऱ्या सशाचे चित्र आहे. मजकूर मोजका आहे. दारासमोरील पांढरा ससा ही आमची खूण समजावी, आम्ही उत्तम प्रतीच्या पोलादी सळया घेऊन बारीक सुया बनवतो, आणि पुढे विक्रीसाठी नेणाऱ्याला जादा सवलत मिळेल, असा त्याचा आशय आहे.

पाहा, या चार ओळींत काय काय आले! पत्ता आला, खूण आली, कच्चा माल कोणता ते आले, आणि फिरत्या किंवा किरकोळ विक्रेत्यासाठी वेगळा भाव आहे हेही आले. ‘उत्तम, स्वस्त व वेळेवर’ म्हणून त्याने वेळ मारून नेली नाही. लहान व्यापाऱ्याला काय ऐकायचे असते हे त्या सुईवाल्याला बरोबर माहीत होते.

येथे कोणी म्हणेल, निलंगा राईस लातूर-पुण्यापर्यंत पोचला तो काय हँडबिले वाटून? बरोबर आहे. पण भाताला वास असतो, चव असते; गाड्याजवळून जाणारा माणूस आपोआप थांबतो. शिलाईला, वायरिंगला, दुरुस्तीला वास नसतो. जे काम अजून झालेलेच नाही ते दुकानदाराला आधी दाखवायचे, तर कागद आणि नमुना यांशिवाय दुसरा मार्ग नाही.

थैल्यांच्या कामाचे उदाहरण

नुसता उपदेश करण्यापेक्षा एक काम हाती घेऊन पाहू. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी जूनअखेर अंमल सुरू झाला. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. हलवाई, किराणावाले, औषधवाले, आम्ही कापडवाले, सर्वांनाच कापडी थैल्यांची गरज पडली. हे काम दोन मशीनच्या शिंप्याच्या आवाक्यातील आहे. तरीही हा माल बाहेरच्या शहरांतून गठ्ठ्याने येतो आणि आपला शिंपी ईद आणि लग्नसराईची वाट पाहत बसतो. कारण बाहेरचा व्यापारी माप, दर आणि नमुना घेऊन येतो. आपला शिंपी, ‘शेठ, काही काम असेल तर सांगा,’ एवढेच म्हणतो.

हँडबिल छापण्याआधी वहीत हिशेब करावा. समजा थैली तयार झाल्यावर १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच हवी. शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच धरून रुंदीला १५ इंच कापड लागेल. उंचीला दोन बाजूंचे ३२ इंच आणि दोन्ही तोंडांच्या दुमडीचे ३ इंच, असे ३५ इंच लागतील. ४४ इंच पन्ह्याच्या मांजरपाटात हे ३५ इंच आडवे बसवले तर ९ इंचांची पट्टी उरते. तिच्यात ३ इंचांच्या तीन पट्ट्या निघतात आणि त्यांतून दोन्ही पट्टे सहज होतात. म्हणजे एका थैलीला लांबीचे १५ इंच कापड लागले. ५ मीटर म्हणजे जवळपास १९७ इंच; त्यात १३ थैल्या बसतात. आता मीटरचा भाव, दोरा, शिलाई, छपाई आणि वीज धरून एका नगाचा खर्च काढता येईल. ज्याने हा हिशेब केला नाही त्याने दर छापू नये; नाहीतर पहिल्याच ऑर्डरमध्ये मजुरी अंगावर येते.

आणखी दोन गोष्टी. कोरे मांजरपाट पहिल्या धुण्यात आटते, हे दुकानदाराला आधी सांगावे. आणि बाजारात जे नॉन-वोव्हन मिळते ते दिसायला कापडासारखे असले तरी पॉलिप्रॉपिलिनचे, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीचे असते. त्याच्या थैलीला हँडबिलावर ‘कापडी’ म्हणणे हे खोटे माप झाले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात जाहिरातीच्या व्याख्येत छापील मजकुराबरोबर सूचनापत्र, परिपत्रक, लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा येते. तेव्हा आपला लहानसा कागदही कायद्याच्या नजरेत जाहिरातच आहे.

मजकूर कसा असावा

आमच्या कल्पनेप्रमाणे असा कागद पुढीलप्रमाणे असावा :

‘हलवाई, किराणा व कापड दुकानदार बंधूंसाठी.
दुकानाचे नाव छापून कापडी थैल्या शिवून मिळतील.
कापड : कोरे मांजरपाट, शंभर टक्के सुती.
माप : रुंदी १४ इंच, उंची १६ इंच.
छपाई : एक रंग, एक बाजू.
कमीत कमी : १०० नग.
मुदत : नमुना पसंत केल्यापासून ८ दिवस.
दर : एक नग ....... रुपये. हा दर ....... तारखेपर्यंत.
शिवण उसवल्यास एक महिन्यापर्यंत मोफत दुरुस्ती.
फोटोची व अनेक रंगांची छपाई आमच्याकडे होत नाही.
शुक्रवारी दुपारी १ ते २॥ दुकान बंद.’

खाली नाव, ओळखीच्या खुणेसह पत्ता आणि एकच मोबाइल नंबर, जो उचलला जातो तो.

यातील काही ओळींचे कारण सांगतो. पहिल्या ओळीत कोणासाठी ते लिहिल्याने हलवायाला वाटते की हा कागद आपल्यासाठीच आहे. शाळेच्या गणवेशासाठी, दवाखान्याच्या चादरींसाठी वेगळा कागद करावा. एकाच कागदावर सारे कोंबू नये. दराची जागा मोकळी ठेवून हाताने आकडा भरावा, कारण कापडाचा भाव वर-खाली होतो आणि जुना छापील दर दाखवून कोणी अडवू शकतो. दराला तारीख असली म्हणजे वाद राहत नाही. कमीत कमी नग लिहिणे जरूर आहे, कारण स्क्रीन छपाईत प्रत्येक नावासाठी व प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट बनवावी लागते. तो खर्च दहा थैल्यांवर पडला तर परवडत नाही, शंभरांवर पडला तर जाणवत नाही. मुदतीत कापणे, शिवणे, छापणे आणि रंग उष्णतेने पक्का करणे हे सारे धरलेले असावे. आपल्या हाताने पाच दिवसांत होणारे काम आठ दिवसांचे सांगितले तर आजारपण, वीज आणि पाहुणे यांना जागा राहते. आठ दिवसांचे काम पाच दिवसांत देतो म्हणणारा कारागीर मात्र गिऱ्हाईकही गमावतो आणि नावही.

जे काम येत नाही ते लिहिण्यास पुष्कळ जण कचरतात. परंतु आम्ही दुकानदार म्हणून सांगतो, ‘हे आमच्याकडे होत नाही’ एवढी एक ओळ वाचली की वरच्या दहा ओळी खऱ्या वाटू लागतात. शुक्रवारची वेळ लिहिण्यातही संकोच नको. नमाजाच्या वेळी येऊन कुलूप पाहणारा गिऱ्हाईक नाराज होतो. आधी कळले तर तो तीन वाजता येतो.

मराठी, उर्दू आणि प्रूफ

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि या भागातील आमच्यासारखे अनेक आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व सरकारी कामकाज उर्दूत चाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. पलीकडे भालकी, बसवकल्याण, बीदर कर्नाटकात गेले. म्हणून निलंगा, औराद शहाजानी, कासार शिरसीच्या बाजारात मराठी, उर्दू आणि कन्नड तिन्ही कानावर पडतात. पण व्यापाराचा कागद वाचणारे बहुतेक लोक मराठी वाचतात. तेव्हा मुख्य मजकूर मराठीतच असावा, मोठ्या आणि सुटसुटीत अक्षरात.

खाली चार ओळी उर्दूत द्यायला हरकत नाही. दुकानाच्या पाटीविषयी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली असून मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत असा नियम आहे. तो पाटीचा नियम आहे, पण कागदावरही तोच क्रम ठेवणे शहाणपणाचे. आणि अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरील उर्दू पाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने मराठीबरोबर उर्दू वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही असेच सांगितले. म्हणून उर्दूची लाज नको आणि मराठीचा कंटाळाही नको.

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ हमखास अडवते. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब, आणि आपल्या उर्दूत ‘दीन’ म्हणजे धर्म. ‘सूत’ म्हणजे धागा, ‘सुत’ म्हणजे मुलगा. परंतु ‘सुती कापड’ लिहिताना मात्र सु ऱ्हस्व. छापखान्यातील मुलगा हे तपासत बसत नाही, आपण जे दिले ते तो संगणकावर ठोकतो. म्हणून छपाईआधी प्रूफ मागावे आणि ते गावातील एखाद्या मराठी शिक्षकाला किंवा आपल्याच घरात मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीला वाचायला द्यावे. शेवटी मोबाइल नंबर मोठ्याने वाचून स्वतः त्यावर फोन लावून पाहावा. एक आकडा चुकला तर बाकी सर्व मजकूर वाया गेला. उर्दूच्या ओळी पूर्वी कातिब हाताने लिहीत. १९९४ पासून इनपेजसारख्या सॉफ्टवेअरमुळे त्या संगणकावर होतात. पण ज्या छापखान्यात उर्दू वाचणारा कोणी नाही, तेथे अक्षरे तुटलेली किंवा उलटी छापून येण्याचा धोका असतो. तेथे स्वतः उभे राहावे.

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा क्यूआर कोड छापत असाल तर त्या खात्याचे नाव आणि हँडबिलावरचे नाव जुळते का ते पाहावे. भलतेच नाव दिसले की दुकानदार आगाऊ रक्कम देताना बिचकतो.

एक नाजूक बाब

बिस्मिल्लाहचा अंक म्हणून ७८६ छापण्याची, कधी आयत किंवा गुंबदाचे चित्र टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. निय्यत चांगली असते. पण हँडबिलाचे पुढे काय होते? त्यात शेंगदाणे बांधले जातात, ते पायदळी येते, पावसात नालीतून वाहते. जी गोष्ट आपण अदबीने उंच ठेवतो ती अशा कागदावर छापून रस्त्यावर टाकणे योग्य नाही. बिस्मिल्लाह म्हणून काम सुरू करावे, दुकानात तक्ती लावावी. वाटायचा कागद मात्र साधा ठेवावा. दुसऱ्याच्या ऑर्डरीत देवाचे चित्र असेल तर तेथेही त्याला हेच नम्रपणे सुचवावे, तो आनंदाने मान्य करील.

किती छापावे

ऑफसेटवर प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, म्हणून छापखानेवाला म्हणतो, ‘दोनशे कशाला, हजार घ्या, थोडाच फरक पडेल.’ त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु मजकूर चुकीचा निघाला तर हजार कागद रद्दीत जातात. आधी पन्नास प्रती झेरॉक्सवर किंवा डिजिटल प्रिंटवर काढाव्यात. पंधरा दिवस वाटून पाहावे. दुकानदार जो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्याचे उत्तर मजकुरात घालावे आणि मगच हजार छापावेत. ए-४ कागदाच्या एका रिमात ५०० ताव असतात. एका तावात दोन याप्रमाणे हजार हँडबिले होतात. यासाठी साधा पांढरा कागद पुरे. चकचकीत आर्ट पेपरवर पेनाने दर नीट लिहिता येत नाही, शाई पसरते.

कागद देण्याची रीत

आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा सणाच्या गर्दीत हँडबिल देऊ नये. दुकानदार ते न पाहता बाजूला टाकतो. दुपारच्या रिकाम्या वेळी जावे, मालकाच्या हातात द्यावे आणि बरोबर तयार थैली ठेवावी. ‘शेठ, हा नमुना ठेवा, ओढून पाहा, आठ दिवसांनी येतो,’ एवढे बोलणे पुरे. आणि आठव्या दिवशी खरोखर जावे. दिलेली तारीख पाळणे हाच मुदतीचा पहिला पुरावा असतो. कोणत्या गल्लीत किती कागद दिले आणि कोठून विचारणा आली याची वहीत नोंद ठेवावी. कागदाच्या कोपऱ्यात गल्लीप्रमाणे क, ख, ग अशी बारीक खूण केली तर हे सहज कळते. भिंतींवर, खांबांवर परवानगीशिवाय कागद चिकटवू नये. त्यासाठी महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे, आणि दुसऱ्याची भिंत खराब करून आपल्या कामाची तारीफ होत नाही.

ज्या कारागिरांना लिहिता येत नाही त्यांना आमची सूचना आहे की, मोहल्ल्यातील शिकल्यासवरल्या मुलांना जवळ बसवावे. मुलांनी आधी विचारावे : काका, एका दिवसात किती नग होतात? कापड कोणते? काय जमत नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली की निम्मे हँडबिल तयार झाले. आणि व्यापारी बांधवांना विनंती ही की, असा माप लिहिलेला कागद कोणी आणून दिला तर तो चुरगळू नये. शंभर नगांची एक ऑर्डर देऊन पाहावी. बाहेरगावी जाणारा पैसा आपल्या गावात राहील, आणि दोन मशीनच्या त्या शिंप्याला तिसरी मशीन घेण्याची हिंमत येईल.